खुर्द्याची गणती : विल्नियसच्या खंदकातली बटणे

लिथुआनियाची राजधानी विल्नियस. शहराच्या उत्तरेला सोव्हिएत फौजेची जुनी छावणी होती. फौज निघून गेल्यावर बराकी पाडून तिथे नवी वसाहत करायचे ठरले. २००१ च्या शरद ऋतूत खोदकाम चालू असताना यंत्राच्या दातांखाली माणसांची हाडे येऊ लागली. आधी चार-दोन, मग एकमेकांत गुंतलेल्या सांगाड्यांचे थरच्या थर. काम थांबले.

विल्नियसमध्ये अशी जागा सापडली की लोकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘यांना कोणी मारले?’ हा. त्याला कारण आहे. शहराला लागून असलेल्या पानेरियाईच्या जंगलात १९४१ ते १९४४ या काळात नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी लाखभर माणसे गोळ्या घालून मारली. त्यांतले बहुतेक ज्यू होते. १९९४ मध्ये शहरातल्याच तुस्कुलेनाई या जुन्या वाड्याच्या आवारात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारून पुरलेल्या सातशेहून अधिक लोकांचे अवशेष निघाले होते. आता ही हाडे तर थेट सोव्हिएत छावणीच्या जमिनीत सापडली. संशय कुणावर जाणार, हे सांगायला नको.

पण कवट्यांना गोळ्यांची भोके नव्हती. आणि हाडांच्या मधूनमधून बटणे मिळत होती. पितळेची, कळंक चढून हिरवी पडलेली, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. साफ करून पाहिली तर त्यांवर आकडे होते. सोबत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी होती, गणवेशाची लक्तरे होती. या माणसांना मरून जवळजवळ १९० वर्षे झाली होती. १८१२ मध्ये रशियावर चालून गेलेल्या नेपोलियनच्या सैन्यातली ती माणसे होती.

एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर इतक्या लहानशा वस्तूने कसे दिले आणि तिच्यावर कितपत भरवसा ठेवता येतो, ते पाहण्यासारखे आहे.

बटणावर आकडा कशासाठी

फ्रान्सने आपल्या पायदळाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक घालायला १७६२ च्या गणवेश-नियमांपासून सुरुवात केली. ब्रिटिश फौजेने १७६७ मध्ये तोच नियम केला. शिपाई पळाला, कोट विकून मोकळा झाला, किंवा सरकारी कापड बाजारात आले, तर ते कुठल्या पलटणीचे हे बटणावरून कळावे, हा त्याचा रोकडा उपयोग. शिपायाच्या अंगावर त्याचे नाव कुठेच नसे. गळ्यातल्या ओळखपट्ट्या फार पुढे आल्या. त्याच्या अंगावर त्याच्याबद्दल लिहिलेली एकच गोष्ट असे, ती म्हणजे हा आकडा. तोही दहा-वीस ठिकाणी, कारण कोटावर, बाहीच्या कफावर, आतल्या बंडीवर अशी बटणे लावलेली असत. कोटावर मोठी, दोन सेंटिमीटरांहून थोडी जास्त रुंद. बंडीवर आणि कफावर लहान.

धातूलाही अर्थ होता. फ्रेंच सैन्याच्या मुख्य पायदळाला पिवळी, म्हणजे पितळी बटणे. हलक्या पायदळाला पांढरी, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची. तोफखान्याच्या बटणावर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन तोफा. सम्राटाच्या खास संरक्षक दलाच्या बटणावर मुकुटधारी गरुड. इटलीच्या राज्याच्या पलटणींवर त्या राज्याचे नाव. त्यामुळे जाणकाराला एकाच बटणावरून शिपाई पायदळातला की तोफखान्यातला, कोणत्या देशाच्या झेंड्याखालचा आणि कोणत्या पलटणीचा हे कळते.

फ्रेंच पलटणींचे क्रमांक वाचायला मला विशेष आवडते, कारण त्यांतल्या काहींत नेपोलियनच्या साम्राज्याचा नकाशाच आहे. १११ क्रमांकाची पलटण कागदोपत्री फ्रेंच, पण तिची मुळे उत्तर इटलीतल्या पिएमाँतमध्ये, तुरीनच्या मुलखात. १२४ क्रमांक डचांचा. हॉलंड १८१० मध्ये साम्राज्याला जोडले गेले, तेव्हा तिथल्या फौजेच्या फ्रेंच क्रमांकाच्या पलटणी झाल्या. १२७ क्रमांक हॅम्बुर्गच्या जर्मनांचा. १८१२ च्या मोहिमेत या तिन्ही पलटणी होत्या. बटणावर ‘१२७’ वाचले की अंगावर फ्रेंच कोट असलेला, पण घरी जर्मन बोलणारा, समुद्रकाठचा एखादा पोरगा डोळ्यांसमोर उभा राहतो.

विल्नियसच्या खंदकातल्या बटणांवरून सुमारे ४० वेगवेगळ्या पलटणी ओळखल्या गेल्या. एकाच खड्ड्यात ४० पलटणी. शिस्तीत उभ्या असलेल्या सैन्यात असे होत नाही. प्रत्येक पलटणीची जागा ठरलेली असते आणि मेलेले आपापल्या लोकांत पुरले जातात. इतकी सरमिसळ होते ती पलटण नावाची गोष्टच उरत नाही तेव्हा. डिसेंबर १८१२ मध्ये विल्नियसला पोहोचलेल्या लोकांची तीच दशा होती.

जूनमधून डिसेंबरमध्ये

नेपोलियनच्या सैन्याने २४ जून १८१२ रोजी निमेन नदी ओलांडली आणि २८ जूनला ते विल्नियसमध्ये शिरले. त्या वेळी शहरातल्या अनेकांनी त्याचे स्वागत केले. पोलंड-लिथुआनियाचे जुने राज्य पुन्हा उभे राहील ही आशा होती. नेपोलियन तिथे दोन आठवड्यांहून जास्त राहिला. त्याच दिवसांत वादळी पाऊस झाला, हजारो घोडे मेले, आणि उन्हाळ्यातच जुलाब व तापाने शिपाई आजारी पडू लागले. मोठी लढाई अजून झालीच नव्हती. शहर ताब्यात असताना फ्रेंचांनी आपल्या संरक्षणासाठी उत्तर बाजूला व्ही आकाराचे खंदक खणून घेतले.

हे खंदक लक्षात ठेवायला हवेत. सहा महिन्यांनी त्यांचाच उपयोग झाला.

मॉस्कोहून परतताना सैन्य मोडत गेले. ५ डिसेंबरला स्मोर्गोनी या गावी नेपोलियनने सूत्रे मार्शल म्युराकडे दिली आणि तो स्वतः पॅरिसला निघून गेला. ८ आणि ९ डिसेंबरला उरलेले लोक विल्नियसच्या वेशीवर आले. पारा उणे ३० अंशांच्या आसपास होता. वेस अरुंद, मागून येणाऱ्यांचा लोंढा मोठा. त्या चेंगराचेंगरीतच पुष्कळ जण गेले. शहरात भरलेली कोठारे होती. पण कोठारवाल्यांनी पलटणवार हिशेब आणि अधिकाऱ्यांच्या चिठ्ठ्या मागितल्या, असे वाचलेल्यांनी लिहून ठेवले आहे. ज्याची पलटणच राहिली नाही त्याने चिठ्ठी आणायची कुणाकडून? त्याच्या बटणावर आकडा होता, पण त्या आकड्यामागे उभा राहणारा कोणी नव्हता. शेवटी कोठारे लुटली गेली.

१० डिसेंबरला रशियन शहरात आले. चालू शकणारे फ्रेंच पश्चिमेला निघून गेले होते. हजारो आजारी आणि थिजलेले लोक मागेच राहिले. रशियन सैन्याबरोबर असलेला इंग्रज सेनाधिकारी रॉबर्ट विल्सन याने तिथल्या सेंट बाझिलच्या मठातल्या इस्पितळाचे वर्णन केले आहे. ओवऱ्यांमध्ये साडेसात हजार प्रेते शिशाच्या लगडींसारखी रचलेली होती. फुटक्या खिडक्यांतून येणारा वारा अडावा म्हणून, अजून जिवंत असलेल्यांसाठी, त्या भोकांत प्रेतांचे तुकडे कोंबले होते. हे लिहिताना हात थांबतो. पण अशाच माणसांची हाडे पुढे खंदकात सापडली आणि त्यांच्या मरणाचे स्वरूप समजायला हे वर्णन लागते.

मेलेल्यांचे काय करायचे हा शहरापुढचा तातडीचा प्रश्न होता. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ चालत नव्हती. काही प्रेते जाळूनही पाहिली. मग फ्रेंचांनीच उन्हाळ्यात खणलेले खंदक आठवले. प्रेते तिकडे नेऊन टाकली. कित्येक सांगाडे पोटाशी गुडघे घेतलेल्या अवस्थेत मिळाले. थंडीत अंग आखडून बसलेला माणूस त्याच आकारात गोठला आणि तसाच खड्ड्यात गेला.

उत्खननातून काय निघाले

प्रत्यक्ष उत्खनन पुढच्या वर्षी, २००२ मध्ये झाले. विल्नियस विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ रिमांतास यांकाउस्कास यांनी अस्थींचे काम पाहिले. फ्रान्सहून मिशेल सिनोली आणि त्यांचे सहकारी आले. हाडे मोजली तेव्हा किमान ३,२६९ व्यक्तींचा आकडा निघाला. बहुसंख्य पुरुष, आणि तेही तरुण. विशी-पंचविशीतले पुष्कळ, काही तर अजून पोरसवदाच. थोड्या स्त्रियाही होत्या. सैन्याबरोबर स्वयंपाक, धुणे, दारूविक्री करणाऱ्या बायका असत, शिपायांच्या बायकाही असत. बटणांवरून त्यांचा काही माग लागत नाही.

हाडांवर शस्त्रांच्या जखमा फारशा नव्हत्या. ही माणसे लढाईत मेली नव्हती. भूक, थंडी आणि रोग यांनी ती गेली होती.

इथे मला पानिपत आठवते. १७६१ च्या त्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सांकेतिक शब्दांत मिळाली, असे सांगतात : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे ती हजारो माणसे, ज्यांची नावे कुठल्याच कागदावर आली नाहीत. महाराष्ट्रात हे वाक्य अजून बोलले जाते आणि बोलताना आवाज खाली जातो. आपल्या शिपायांच्या अंगावर बंदांनी बांधायचे अंगरखे आणि बाराबंद्या होत्या. बंद कापडाचे आणि कापडाबरोबर मातीत जाणारे. (‘काज’ हा शब्दसुद्धा आपल्याकडे पोर्तुगीज ‘कासा’वरून आला, त्याआधी गुंडी आणि बिरडे होते.) पानिपतच्या रानात उद्या एखादा खड्डा सापडला, तरी त्यातले हाड पुण्याचे की नगरचे, हे सांगणारा आकडा कुठल्याही गुंडीवर नसेल.

विल्नियसच्या खंदकातही खुर्दाच होता. मोती आणि मोहरा निघून गेले होते. फरक एवढाच की या खुर्द्यावर टाकसाळीचा शिक्का होता.

बटण कोणाचे, माणूस कोण

आता अवघड भाग. हाडाशेजारी ‘१११’ असे बटण मिळाले, म्हणून ते हाड पिएमाँतच्या शिपायाचे ठरते का?

आमच्या घरी सदरा विरला की आजी तो फडक्यांसाठी फाडायच्या आधी त्याची सगळी बटणे उसवून एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. आजोबांच्या कोटाचे बटण माझ्या शाळेच्या चड्डीवर आले होते. मराठी घरांतून असे डबे अजून सापडतील. बटण कपड्यापेक्षा जास्त जगते आणि एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते. हे घरात होते, तर उणे ३० अंशांत, मेलेल्याच्या अंगावरचा कोट काढून घेतला तरच रात्र निघणार अशा वेळी किती झाले असेल? वाचलेल्यांच्या आठवणींत हे पुन्हापुन्हा येते. लोकांनी एकावर एक मिळेल ते चढवले होते, बायकांचे झगे, पाद्र्यांचे अंगरखे, मॉस्कोत लुटलेली फर. अशा माणसाच्या अंगावर दोन-तीन पलटणींची बटणे असू शकतात.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. खंदकात टाकण्याआधी पुष्कळ प्रेतांचे कपडे काढून घेतले गेले असणार. त्या कडाक्यात धड कोट, बूट कोणी वाया घालवत नाही. कोट गेला की बटणेही गेली. त्यामुळे तीन हजारांहून जास्त माणसे आणि ४० पलटणी असे गणित मांडून ‘अमुक पलटणीचे तमुक मेले’ म्हणता येत नाही. ज्या पलटणीचे बटण मिळाले तिचा कोट खंदकापर्यंत पोहोचला, एवढे नक्की. ज्या पलटणीचे मिळाले नाही ती तिथे नव्हती, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा इथेच आहे. एकेका बटणाकडून माणसाची ओळख मागितली तर ते फसवेल. पण सगळी बटणे एकत्र ठेवून ‘हा खड्डा कोणाचा, कधीचा, कशा परिस्थितीतला’ असे विचारले, तर उत्तर खणखणीत मिळते. सैन्य कोणते हे कळते. वर्ष कळते. पायदळ, तोफखाना, फ्रेंच, परके असे सगळे एकाच ठिकाणी मिसळलेले दिसतात, म्हणजे सैन्य मोडलेले होते हेही कळते. शिवाय या मिसळीत मॉस्कोला गेलेलेच असतील असे नाही. नेपोलियनच्याच सैन्यातले जनरल ल्वाझाँ यांच्या डिव्हिजनने, म्हणजे बहुतांश नवख्या पोरांच्या मोठ्या तुकडीने, मॉस्को पाहिलीच नव्हती. ती डिसेंबरच्या सुरुवातीला विल्नियसमधून परतणाऱ्या सैन्याला सामोरी गेली आणि शत्रूशी मोठी लढाई न होता थोड्याच दिवसांत थंडीने संपली.

कथलाची गोष्ट, आणि ती का खरी नाही

नेपोलियनच्या सैन्याची बटणे म्हटले की एक गोष्ट हमखास ऐकू येते. शिपायांची बटणे कथलाची होती, रशियाच्या थंडीत कथलाची भुकटी झाली, कोट उघडे पडले आणि सैन्य गारठून मेले. विज्ञानाच्या तासाला सांगायला ही गोष्ट फार सोयीची आहे आणि तिच्या मुळाशी असलेले रसायनशास्त्र खरेही आहे. आपल्या भांड्यांना कल्हई करतात ते पांढरे चकचकीत कथील १३.२ अंश सेल्सिअसच्या खाली हळूहळू आपली अणुरचना बदलू शकते. त्याचे आकारमान सुमारे २७ टक्क्यांनी वाढते आणि धातूची करडी भुकटी होते. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झशे यांनी कडक हिवाळ्यात कथलाच्या लगडींचे असे चूर्ण झाल्याची नोंद केली होती.

पण बटणांना ती गोष्ट लागू होत नाही. सैन्यातला सर्वांत मोठा वर्ग मुख्य पायदळाचा, आणि त्यांची बटणे पितळेची. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्याला हा रोग होत नाही. ज्यांची बटणे पांढरी होती त्यांच्या धातूतही कथलाबरोबर शिसे, अँटिमनी असे मिश्रण असे, आणि थोडेसे शिसे किंवा अँटिमनी असले तरी हा बदल अडतो. शुद्ध कथलातही तो चार-आठ दिवसांत होत नाही. त्याला बराच वेळ लागतो. शिवाय बटण शिपायाच्या अंगावर असते, तिथे शरीराची ऊब असते. त्या मोहिमेच्या काळची कथलाची फ्रेंच बटणे आजही संग्रहालयांत धडधाकट आहेत.

या गोष्टीचा मला राग येतो तो वेगळ्या कारणाने. ती लाखो माणसांच्या मरणाचे खापर एका धातूवर फोडते. उन्हाळ्यातच सुरू झालेला रोग, उपासमार, पुरवठ्याची मोडलेली साखळी आणि घोड्यांना बर्फासाठी नाल न ठोकता केलेली माघार, हे सगळे बाजूला पडते. खंदकातून जी बटणे आली ती साबूत आली. त्यांतल्या आकड्यांनीच खंदक ओळखला गेला.

कापडात जे लपले होते

पितळेचा कळंक एक चांगले काम करतो. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात, म्हणून बटणाला चिकटलेले कापडाचे धागे बाकीच्या कापडापेक्षा जास्त टिकतात. कापडाची लक्तरे आणि भोवतालची माती जपून ठेवली, म्हणून पुढचे संशोधन झाले. २००६ मध्ये दिदिए राऊल आणि त्यांच्या चमूने त्या मातीतून आणि कापडातून अंगावरच्या उवांचे अवशेष शोधून काढले. पाच उवांची ओळख पटली. त्यांतल्या तिघींत खंदकतापाच्या (इंग्रजीत ‘ट्रेंच फीवर’; या खंदकाशी त्या नावाचा संबंध नाही) जंतूचा डीएनए मिळाला. मग ३५ शिपायांच्या दातांतला गर तपासला. सात जणांत खंदकतापाचा, तिघांत टायफसचा जंतू निघाला. म्हणजे तपासलेल्यांपैकी १० जण, २९ टक्के, उवांतून पसरणाऱ्या रोगाने ग्रासलेले होते. उवा राहतात कपड्याच्या शिवणीत, म्हणजे जिथे बटण टाकलेले असते त्याच पट्टीच्या आसपास. मेलेल्याचा कोट चढवणाऱ्याने उबेबरोबर काय घेतले, हे आता कळते.

२०२५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या निकोलास रास्कोवान यांच्या गटाने याच खंदकातल्या १३ शिपायांचे दात नव्या पद्धतीने तपासले. चार जणांत विषमज्वराच्या जातीचा पॅराटायफॉइड सी, आणि दोघांत उवांमुळे होणाऱ्या, उतरून पुन्हापुन्हा उलटणाऱ्या तापाचा जंतू सापडला. टायफसची खूण या १३ जणांत नव्हती. आधीचा निष्कर्ष खोटा ठरला असा याचा अर्थ नाही. तीन हजारांतून वेगवेगळे मूठभर उचलले की वेगवेगळे रोग दिसतात. एकाच वेळी अनेक साथी चालू होत्या, एवढे दोन्ही अभ्यास मिळून सांगतात.

बटणांनी सांगितलेल्या गोष्टीला हाडांनीही दुजोरा दिला. २०१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी यांकाउस्कास यांच्याकडच्या अस्थींचा समस्थानिक अभ्यास केला, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या आणि जड अणूंचे प्रमाण तपासले. माणूस ज्या प्रदेशाचे पाणी पितो त्याची खूण त्याच्या हाडांतल्या ऑक्सिजनमध्ये राहते. तपासलेल्या नऊ व्यक्तींपैकी कोणीही लिथुआनियाचे नव्हते. ते मध्य आणि पश्चिम युरोपातले होते. ७८ जणांच्या हाडांतल्या नायट्रोजनमध्ये जड अणूंचे प्रमाण पाहिले तेव्हा पुष्कळांत ते चढलेले होते. शरीराला अन्न मिळेनासे झाले की ते स्वतःचेच स्नायू जाळू लागते आणि हा आकडा वर जातो. कोट बदलता येतो, हाड बदलता येत नाही. म्हणून हा दुसरा साक्षीदार मोलाचा.

मागे राहिलेले

१ जून २००३ रोजी हे अवशेष विल्नियसच्या आन्ताकाल्निस दफनभूमीत पुन्हा पुरले गेले. तिथे आता स्मारक आहे.

बटणावरचा आकडा मात्र दफनभूमीपाशी थांबत नाही. पॅरिसजवळच्या व्हँसेन किल्ल्यात फ्रेंच सैन्याचे दप्तर आहे. त्यात पलटणवार नोंदवह्या आहेत आणि नेपोलियनच्या काळच्या पायदळाच्या वह्या आता घरबसल्या पाहता येतात. एकेका शिपायापुढे त्याचे नाव, आईबापांची नावे, जन्मगाव, उंची, मग चेहऱ्याचे वर्णन लिहिलेले असते : कपाळ कसे, डोळे कोणत्या रंगाचे, नाक कसे, हनुवटी कशी. खंदकातल्या बटणावरचा आकडा घेऊन त्या आकड्याची वही उघडली, तर त्या पलटणीतल्या प्रत्येकाचा चेहरा शब्दांत आहे. यांतला नेमका कोणता चेहरा खंदकातल्या कोणत्या कवटीचा, हे बटण सांगू शकत नाही. पण तो या पानांतच कुठेतरी असण्याचा संभव मोठा आहे.

१८१२ च्या हिवाळ्यात बेपत्ता झालेल्यांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात कारकुनाला काहीतरी लिहावे लागे. कुठे ‘कैद झाला असावा’ असे आहे. कुठे ‘दीर्घ गैरहजेरीमुळे नाव कमी केले’. आणि पुष्कळ ठिकाणी दोन-तीन शब्दांतच आहे : ‘मागे राहिला’. पिएमाँतच्या, हॉलंडच्या, हॅम्बुर्गच्या घरी जी बातमी गेली ती एवढीच, आणि कित्येक घरी तीही गेली नाही. निदान सुमारे ४० पलटणींच्या बाबतीत आता एवढे सांगता येते, की त्यांतले काही जण विल्नियसच्या उत्तरेला, त्यांच्याच सैन्याने उन्हाळ्यात खणलेल्या खंदकात राहिले होते.